चमचा उजवीकडे

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं शाळा नव्हती असं नाही. शाळा होती, मीच नव्हतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून भरतीला गेलो तेव्हा छाती कमी भरली, म्हणून बंदूक हातात आली नाही. ऑफिसरांच्या मेसमध्ये वेटर म्हणून घेतलं. तिथं मी साहेब लोकांची टेबलं मांडण्यात जन्म घालवला. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे आणि तिची धार ताटाकडे, सूपचा चमचा सगळ्यात उजव्या अंगाला. टेबलाच्या कडेपासून अंगठ्याच्या पेराएवढं अंतर. डोळे बांधले तरी मांडीन. हे काम मला फार चांगलं येत होतं, आणि चांगलं येत होतं म्हणूनच माझ्या हातून घरात वाईट झालं. तेच लिहायला बसलोय.

शेवटचं पोस्टिंग जयपूरला होतं. पेन्शनीत निघालो आणि इथंच राहिलो, कारण मुलाला इथंच इन्शुरन्सच्या ऑफिसात नोकरी लागली. वैशाली नगरात तळमजल्यावर भाड्याचं घर घेतलं. मुलगा, सून, त्यांची एक मुलगी आणि आम्ही दोघं. ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली आहे. नात तेव्हा पाच वर्षांची होती. मराठी आणि हिंदी एकाच वाटीत कालवून बोलायची.

माझ्या बायकोला माझी मेसची विद्या कधी आवडली नाही. तिची स्वतःची मांडणी होती. मीठ मधोमध वर. लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर डाव्या अंगाला. भाजी आणि आमटी उजव्या अंगाला. पाहुणा असो की घरातलं पोर, ताट असंच वाढायचं. मी म्हणायचो, "तुझी न् माझी विद्या एकच की. तुलाही डावं-उजवं लागतं, मलाही."

"एक कशी? तुमचे साहेब काटा डाव्या हातात धरून घास तोंडात घालतात. मी बघितलंय मोठ्या खान्याच्या दिवशी," ती म्हणायची. "त्यांना शिकवायला आई नव्हती वाटतं."

डाव्या हातानं जेवणं तिच्या लेखी जेवणच नव्हतं. त्या हाताची कामं वेगळी, त्याला ताटात जागा नाही. आणि नशीब बघा, नात निघाली डावखुरी. पोळी डाव्या हातानं तोडायची, पेन्सिल डाव्या हातात धरायची. बायको तिच्या हातावर हळूच चापटी मारायची. "सटवे, तो हात मांडीवर ठेव. देव बघतोय." देव्हारा जेवायच्या खोलीतच होता, कोपऱ्यात, त्यामुळं देव खरंच बघत असायचा. पोरगी उजव्या हातानं दोन घास खायची आणि आजी पोळी फुगवायला गॅसकडे वळली की हात बदलायची.

नातीचा एक छोटा चमचा होता. आखूड, खोलगट, निळ्या प्लॅस्टिकच्या जाड दांड्याचा. दांड्यावर तिच्याच दातांच्या खुणा. जेवणाची पानं मीच घ्यायचो, सवय सुटत नाही. तिच्या ताटलीजवळ तो चमचा मी रोज उजवीकडे ठेवायचो, आणि ती आजीकडे एकदा बघून रोज तो उचलून डावीकडे ठेवायची. मी बघायचो आणि बघितलं नाही असं करायचो. घरात दोन बायकांच्या मधे कोण पडणार!

तिला तो चमचा नकोसा झाला होता. तिला आमच्यासारखा मोठा हवा होता. रोज तक्रार.

"मम्मा, मी मोठी कधी होणार?"

"सहा पूर्ण झाल्यावर," सून म्हणायची. सून शिकलेली. तिच्याकडं पोरांच्या वाढीचं एक पुस्तक होतं. "अजून तुझं मनगट नीट वळत नाही. मोठ्या चमच्यातलं सगळं फ्रॉकवर जाईल."

"फ्रॉक माझा आहे."

"धुते मी."

मला विचारलं तेव्हा मी मोठा चमचा तिच्या ओठांना लावून बघितला. रुंद पडत होता. म्हटलं, "तोंडात मावल्याशिवाय हातात द्यायचा नसतो. आधी तोंड मोठं कर." बायको फोडणी देत होती, तिथून म्हणाली, "तोंड मोठंच आहे तिचं, आजोबांवर गेलंय." सगळे हसले. बायको चारचौघांसारखं बोलतानाचा मला नीट आठवणारा हा शेवटचा दिवस. आणखीही बोलली असेल नंतर. पण मला हाच आठवतो.

होळीच्या आधी एका सकाळी बायको मोरीपाशी पडली. लकवा. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. दवाखान्यातून पंधरा-सोळा दिवसांनी घरी आणली तेव्हा तिच्याकडं एकच शब्द उरला होता, "नको". हो म्हणायचं असलं तरी "नको"च निघायचं. मग चेहऱ्यावरून ओळखायचं. आणि चेहराही अर्धाच राहिला होता.

घरी आल्यावर तिनं खाणं टाकलं. म्हणजे दवाखान्यात नर्सनं भरवलेलं खाल्लं होतं, ती परकी होती. घरात सून मऊ खिचडी घेऊन बसली की ही दात मिटून घ्यायची. मुलगा बसला, "आई, एकच घास गं." तिनं मान फिरवली. मी बसलो तर तिनं डाव्या हातानं वाटी अशी ढकलली की खिचडी माझ्या लुंगीवर. मी चिडलो. खोटं कशाला बोलू, चिडलो. "मर मग उपाशी," म्हणालो. तिच्या तोंडावर म्हणालो. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं आयुष्यभर सगळ्यांना भरवलं होतं. स्वतःला भरवून घेणं तिला जमणारच नव्हतं. एवढं मला समजलं. पातळ दूध आणि ताक तेवढं घोट घोट प्यायची. हातातल्या बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. बाहेरच्या खोलीत मुलाला म्हणाले, "एक हफ्ता और देखिए. नहीं तो नाक से नली डालनी पड़ेगी." त्यांना वाटलं, ती मराठी बाई आहे, आतून ऐकलं तरी कळायचं नाही. तिला सगळं कळत होतं. मी आत गेलो तर ती नाकावर हात ठेवून पडली होती.

मी ठरवलं, हिला खुर्चीत बसवायची, टेबलाशी, घरच्यांबरोबर. अंथरुणात भरवणं म्हणजे आजारी माणूस. टेबलाशी बसली तर आपल्या हातानं खाईल. दुसऱ्या दिवशी मी सिटी बसनं त्रिपोलिया बाजारात गेलो. तिथं भांड्यांची दुकानं आहेत. दुकानदाराला चमचा दाखवायला सांगितलं.

"बाऊजी, बच्चे का या बड़े का?"

मी समोरचे दोन-तीन चमचे हातात घेऊन बघितले. मग म्हणालो, "बड़े का. भारीवाला." बायकोसाठी न्यायचाय हे तोंडातून निघेना. मेसमध्ये असायचा तसा जड, लांब दांड्याचा चमचा मी निवडला. हातात धरल्यावर वजन लागणारा. माझ्या डोक्यात एकच की ही घरातली मालकीण आहे. तिच्यापुढं लेकराचा चमचा ठेवणं म्हणजे तिची अब्रू घालवणं. तिला जेवायचं तर साहेबासारखं जेवेल.

रोज दुपारी मी आणि मुलगा तिला उचलून खुर्चीत बसवायचो. मुलगा त्या आठवड्यात जेवायला घरी यायचा. मी तिचं ताट मांडायचो. वरणभात, मऊ केलेली पोळी, भाजी उजवीकडे, चटणी डावीकडे, तिच्याच पद्धतीनं. आणि तो नवा चमचा. पुसून, चकचकीत करून, ताटाच्या उजवीकडे, कडेपासून अंगठ्याचं पेर सोडून.

ती ताटाकडे बघायची, चमच्याकडे बघायची, मग माझ्याकडे. आणि "नको" म्हणायची.

पहिल्या दिवशी तिनं डावा हात उचलला होता. मी बघितलं. तो ताटावरून आडवा जायला लागला, मधेच थांबला आणि पुन्हा मांडीवर गेला. मला वाटलं, दमली. दुसऱ्या दिवशी हात उचललाच नाही. उजवा हात मी स्वतः टेबलावर नीट ठेवून द्यायचो, नॅपकीनवर, चमच्याच्या शेजारी. मेलेला हात, पण शिस्तीत ठेवलेला. असे पाच दिवस गेले. पाच दिवस मी तिला सांगत होतो, "खा की. समोर सगळं मांडलंय." सून म्हणाली, "बाबा, आईंना जबरदस्ती नका करू." मी म्हणालो, "जबरदस्ती कुठं केली? मी तर फक्त मांडून ठेवतो."

मेसमधली पहिली शिकवण हीच होती. साहेबाला विचारायचं नाही. वस्तू त्याच्या हातापाशी पाहिजे, एवढं बघायचं.

सहाव्या दिवशी शनिवार होता. नातीला सुट्टी होती. एरवी ती शाळेतून आमचं जेवण उरकल्यावर यायची, त्यामुळं हा प्रकार तिनं बघितला नव्हता. तिची ताटली आजीच्या शेजारी मांडली. तिचा निळा चमचा मी ठेवला, उजवीकडे. तिनं तो उचलला आणि सवयीनं आजीकडे बघितलं. आजी काही तिला रागावणार नव्हती आता. तरी तिनं बघितलं. मग तिची नजर आजीच्या ताटावर गेली.

"आजोबा, तुम्ही हमेशा गलत ठेवता."

"काय गलत?"

"माझा पण गलत ठेवता. आजीचा पण गलत ठेवला. आजीचा ये वाला हात तर चलता ही नाही." आणि तिनं नॅपकीनवरच्या त्या हातावर बोट ठेवून दाखवलं, मला आंधळ्याला दाखवावं तसं.

सून भात वाढत होती, ती तशीच उभी राहिली. पोरगी खुर्चीवरून उतरली. आजीचं ताट दोन्ही हातांनी धरून तिनं गरकन फिरवलं, गाडीचं चाक फिरवावं तसं. वरणाची वाटी आणि भाजी डावीकडे आली, चटणी उजवीकडे गेली. थोडं वरण सांडलं. मग तिनं माझा जड चमचा उचलून बघितला.

"ये तो बहुत भारी आहे. आजी, तू हा माझा घे. हा सोपा आहे, पकडायला मोटा है. मी तुझा घेते." आणि लगेच आईकडं वळून, "मम्मा, आजीला माझा दिला ना, आता मला मोठावाला लागणारच!"

म्हणजे तिचा सौदा होता. चांगुलपणा वगैरे सगळा नव्हता. मोठा चमचा मिळवायची संधी तिनं बरोबर हेरली होती. मला अजून आठवून हसू येतं, आणि हसू आलं की दुसरंही येतं.

निळा चमचा तिनं आजीच्या डाव्या हाताशी ठेवला. स्वतः माझा चमचा डाव्या हातात उघड धरला आणि वरणभात भरून तोंडात घातला. दातांवर आपटला, टणकन आवाज आला. अर्धा भात फ्रॉकवर. सून सुद्धा रागावली नाही.

बायको पोरीच्या डाव्या हाताकडे बघत राहिली. ज्यावर इतक्या चापट्या मारल्या, त्या हाताकडे. मग तिनं आपला डावा हात टेबलावर आणला आणि थांबली. खालच्या ओठाची चांगली बाजू हलत होती. तिनं डोळ्यांनी मला काहीतरी सांगितलं. मला कळेना. पाणी? नको. उशी? नको. ती कोपऱ्याकडे बघत होती, देव्हाऱ्याकडे. तिची खुर्ची देव्हाऱ्यासमोर होती.

हे मात्र मला कळलं. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं तरी कळावं. मी आणि मुलानं खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या अंगाला नेली आणि देवाकडे तिची पाठ केली. ताट त्या बाजूला सरकवलं. तिनं पदर ओढून डाव्या हातावर घेतला, असा की हात दिसू नये, आणि पदराखालून निळा चमचा धरला. पहिला घास अर्धाच तोंडात गेला, दुसरा गेला. आम्ही कुणी तिच्याकडे बघितलं नाही. पोरगी तेवढी बघत होती. "शाब्बास," म्हणाली. हे ती आजीकडूनच शिकली होती.

नळी घालावी लागली नाही.

त्यानंतर ती साडेसात महिने जगली. रोज तशीच जेवली. देवाकडे पाठ, हातावर पदर, लेकराचा चमचा. उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्यानं पदर उडायचा तर नात उठून पुन्हा नीट घालायची. मी एकदा म्हणालो, "अगं, आजारी माणसाला देव काय म्हणतोय? सोड तो पदर." ती म्हणाली, "नको." हे खरंच नको होतं.

नातीला मोठा चमचा झेपत नव्हता, हे खरं. दोन-तीन महिने तिचं खाणं कमी आणि सांडणं जास्त होतं. ओठाच्या कोपऱ्याला एकदा चीर पडली. सून हळूच म्हणाली, "तुला दुसरा छोटा आणू का?" ती म्हणाली, "छोटा आजीचा आहे." विषय संपला. नंतर शेजारणी सुनेला विचारायच्या, किती वर्षांचं झालं की मुलाला मोठा चमचा द्यावा? सून पुस्तकातलं सांगायची. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आमची नात तयार नव्हती तेव्हाच तिनं घेतला. आणि मी सगळा जन्म चमचे मांडले, आणि मीच तयार नव्हतो.

दिवाळीनंतर बायकोला दुसरा झटका आला, तो तिला घेऊनच गेला. सकाळचा चहा तिचा पिऊन झाला होता.

तेराव्याला घरीच विधी केला. इथल्या मराठी मंडळींपैकी कुणीतरी एक गुरुजी शोधून दिले, वयानं माझ्याहून लहान, चांगला माणूस. स्वयंपाक झाल्यावर म्हणाले, "त्यांच्या नावाचं एक पान वाढा." सुनेनं ताट वाढलं. रीतसर वाढलं, सासूनंच शिकवलेलं. मीठ वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी, वरणाची वाटी उजवीकडे. जेवायच्या खोलीत मोठ्या पाटावर देव्हाऱ्याकडे तोंड करून तिचा फोटो ठेवला होता, त्याच पाटावर फोटोपुढं ताट ठेवलं.

मी भिंतीला टेकून बसलो होतो. ते ताट बघितलं आणि मला ते पाच दिवस दिसले. एक एक दिवस. नॅपकीनवरचा हात. चकचकीत चमचा. माझ्याकडे बघणारे तिचे डोळे. मला वाटत होतं ती हट्ट करतेय. तिला वाटत असणार, नवरा उजवीकडे चमचा ठेवून सांगतोय, बये, तू डाव्या हातानं जेवत नाहीस, मला माहीत आहे, मग जेवू नकोस. तसं तिला वाटलं का, ते मी तिला साडेसात महिन्यांत कधी विचारलं नाही. "नको"शिवाय तिला बोलता येत नव्हतं, पण मान हलवता येत होती. विचारता आलं असतं. मी भ्यालो. आणि ते "मर मग उपाशी", त्याचीही माफी मागितली नाही.

मी उठलो. गुडघे धरले होते, मुलाच्या खांद्याला धरून उठलो. पाटापाशी जाऊन ताट फिरवलं. वाटी डावीकडे आली.

गुरुजी म्हणाले, "आजोबा, उलटं झालं. उजवीकडे हवं."

"तिला उजवा हात नव्हता," मी म्हणालो.

मुलगा म्हणाला, "बाबा, बसा." नात आत गेली. निळा चमचा घेऊन आली. त्यावर आता दोघींच्या खुणा होत्या. तिनं तो ताटाच्या डावीकडे ठेवला, कडेला नीट सरळ केला. मग जरा विचार केला आणि पाट दोन्ही हातांनी ढकलून फिरवायला लागली. पाट जड होता, हलेना.

"काय करतेस गं?" सून म्हणाली.

"देव दिसतोय ना आजीला," ती म्हणाली. "आजोबा, धरा ना."

मी खाली वाकून पाटाची दुसरी कड धरली.